हळदीच्या पानावरचा पापुद्रा

भाद्रपद लागला की मी स्वयंपाकघराकडे फारसा फिरकत नाही. सून पातोळ्या करते. हळदीची पानं धुऊन पुसते, त्यावर तांदळाचं पीठ पसरते, गूळखोबरं भरून पान मिटते आणि मोदकपात्रात रचते. थोड्या वेळाने झाकणाच्या कडेने वाफ सुटते. ती वाफ ओटीपर्यंत येते तेव्हा मी चप्पल घालून बाहेर पडलेला असतो. घरच्यांना वाटतं, म्हाताऱ्याला वाफेने गुदमरतं. तसं मीच एकदा सांगितलं होतं. तेही खोटंच.

बाहेर पडून जाणार कुठे? कर्जतच्या या टोकाला उल्हास नदीच्या कडेने एक पायवाट आहे, तिने चालत राहतो. दोन्ही बाजूंना भात निसवलेलं असतं. बांधावर तेरडा दाटलेला. माथेरानच्या डोंगरावर ढग बसलेले असतात, पण पाऊस धड पडत नाही आणि उघडतही नाही. मध्येच ऊन येतं ते अंगाला चिकटतं. सगळी नोकरी शाळेत काढलेला माणूस हा महिना कॅलेंडर न बघता ओळखतो. खडू दमट होऊन फळ्यावर उमटत नाही. डस्टरला वास येतो. कोपऱ्यात ठेवलेल्या चामड्याच्या चपलेवर हिरवी लव चढते. भाद्रपद हा नासण्याचा महिना आहे. या दिवसांत जे टिकतं ते टिकवायला कुणीतरी डोकं चालवलेलं असतं.

परवा रेडिओवर एक बाई बोलत होत्या. वनस्पतींच्या सत्त्वापासून पातळ पडदा तयार करता येतो, त्यात अन्न गुंडाळलं तर जंतू वाढत नाहीत, आणि तो पडदा अन्नासकट खाऊन टाकता येतो, असं त्या सांगत होत्या. त्यांचा आवाज उत्साहाचा होता. सून हसली.

"म्हणजे पुडीच खायची? ऐकलंत का मामंजी?"

मी रेडिओ बंद केला. ती जरा रागावली असावी. तिला काय सांगणार? ती पुडी मी तीस वर्षांपूर्वी खाल्लेली आहे, आणि जिने ती केली तिच्याबद्दल मी जे बोललो, ते अजून गावात फिरतं आहे.

मी मूळचा पोशीरचा. भातशेतीवाल्या घरातला पहिला शिकलेला. कर्जत आणि खालापूरच्या मधल्या एका गावात शाळा होती, तिथे विज्ञान शिकवायला लागलो. ही गोष्ट तेव्हाची. बाबासाहेबांबरोबर लोकांनी धम्म घेतला त्याला दोन-तीन वर्षं झाली होती. ओढ्यापलीकडच्या वस्तीतली मुलं शाळेत येत, वर्गात सगळ्यांबरोबर बसत. पाण्याच्या हंड्याजवळ मात्र अजून कुणीतरी त्यांना ओंजळीत पाणी ओतून देई. आम्ही शिक्षक ते बघत असू आणि घंटा झाली की वर्गात जात असू.

आमचे हेडमास्तर भला माणूस. लांबच्या पाड्यांवरून येणारी मुलं दुपारी उपाशी बसतात हे त्यांना बघवेना. त्यांनी गावातल्या बायकांना गळ घातली. बायका तांदळाच्या भाजक्या पिठाची, गूळखोबऱ्याची वडी करून देऊ लागल्या. पण त्यांना सोमवारी आणि गुरुवारीच जमे. सोमवारची वडी बुधवारपर्यंत टिकायला हवी. पळसाच्या पानात गुंडाळून डब्यात ठेवली तर दुसऱ्या दिवशीच पांढरी बुरशी धरे.

मी वर्गात सहज विचारलं, अन्न टिकवण्याचे उपाय कोणते? मुलांनी मीठ सांगितलं, वाळवण सांगितलं. मागच्या रांगेतली कुसुम उठून म्हणाली, "गुरुजी, आमच्या बाच्या शिदोरीला बुरशी नाय धरत."

कुसुमचे वडील रेल्वेत गँगमन होते. बोरघाटात रुळांच्या कामावर गेले की तीन-तीन दिवस तिकडेच. मी त्या संध्याकाळी ओढा ओलांडून तिच्या घरी गेलो. कुसुमची आई भागाबाई हात पुसत बाहेर आली. उंच, हाडापेराने मजबूत बाई. मला बघून आधी दचकली, मग मुलीकडे वळली.

"काय केलंस गं? गुरुजी घरी आलं म्हंजे."

"काय नाय आये. शिदोरी बघायला आल्यात."

"शिदोरी? मास्तरांच्या घरी जेवान नाय व्हय?"

मग ती हसली आणि मला सगळं दाखवलं. आमच्याकडे उन्हाळ्यात फेण्या करतात, त्यातलाच प्रकार. तांदूळ भिजवायचे, वाटायचे, सरबरीत पिठात हळद आणि ओव्याचं पाणी घालायचं. हळदीच्या पानावर बोटांच्या पाठीने पातळ पसरायचं आणि वाफवायचं. पानावरून अलगद सोडवला की हातात तळहाताएवढा पापुद्रा येतो. फेणी कडक वाळवतात, हिने तो अर्धवट सुकवलेला असे. कापडासारखा वळे, दुमडे, फाटत नसे. उजेडात धरला की पानाच्या सगळ्या शिरा त्याच्यावर उमटलेल्या दिसत.

"घाटात कोन देतंय खायाला?" ती म्हणाली. "ह्यात बांधून दिलं का कुसुमचा बा पुडीसकट खातो. टाकायला काय उरत नाय."

"टिकतं कशाने पण?"

"तीन दिस भिजवायचं, गुरुजी. पानी रोज बदलायचं. तिसऱ्या दिशी नाकाला आंबूस लागलं का मंग वाटायचं. आधी नाय."

"आणि चौथ्या दिवशी?"

"चौथ्या दिशी तुमी खावा. आमी नाय खात."

मी खिशातून लिटमस कागद काढला. मास्तरकीची खोड. निळा कागद पिठात बुडवला, तो तांबडा झाला. आम्ल. मला सगळं लख्ख कळलं. आंबलेल्या तांदळातलं आम्ल, हळदीचा नि ओव्याचा अर्क. यात बुरशी कशी वाढणार? मी तिला हे समजावून सांगू लागलो. ती शांतपणे ऐकून घेत होती. तिला ते आधीपासून ठाऊक होतं. माझ्याकडे फक्त त्याचं नाव होतं.

हेडमास्तरांना पटलं. शाळेच्या मंडळावरच्या तात्यांना पटवायला आठ दिवस लागले. तात्या गावातले वजनदार, शाळेला जागा त्यांनीच दिलेली. शेवटी ते म्हणाले, "वडी आमच्या बायका करतील. वरचं गुंडाळायचं तेवढं तिनं करावं. शाळेच्या पडवीत, आपल्या डोळ्यांसमोर. पोरं सोलून टाकतील आणि आतलं खातील. हाय काय नि नाय काय!"

हे भागाबाईच्या कानावर गेलंच. ती म्हणाली, "सोलावं का खावं, ते पोरांच्या मर्जीवर सोडा."

पहिल्या सोमवारी शाळेचं पटांगण पापुद्र्यांनी भरून गेलं होतं. घरून सांगून पाठवल्याप्रमाणे मुलं वडी सोलत होती, वरचं फेकत होती. कावळ्यांची चंगळ. भागाबाई कुंपणाशी उभी राहून बघत होती. मी तिच्या बाजूने गेलो नाही.

पण मूल किती दिवस ऐकणार? पापुद्र्याला हळदीच्या पानाची चव होती, किंचित आंबट, किंचित तिखट. एकाने चाटून बघितला, दुसऱ्याने चावला. तिसऱ्या आठवड्यात मुलं वरचा पापुद्रा आधी खाऊ लागली, आणि एक जण दुसऱ्याला म्हणताना मी ऐकलं, "वडी तू घे रं, पुडी मला दे." त्या दिवशी भागाबाई आली तेव्हा पटांगण स्वच्छ होतं. ती कुंपणाला धरून उभी राहिली.

"आज कावळं उपाशी गं, कुसुम," ती म्हणाली.

मग माझ्याकडे वळून, हळू आवाजात: "गुरुजी, माझ्या आयला शाळेच्या पायरीवर बसू देत नव्हतं. आज माझ्या हातचं अख्ख्या गावाची पोरं खात्यात. एवढं टिकू द्या. बाकी काय नको."

वडी टिकवायची म्हणून मी तिला बोलावलं होतं. ती काय टिकवायला आली होती ते मला त्या दिवशी कळलं. कळूनही मी पुढचं केलं.

तपासनीस साहेब यायचे होते. आदल्या आठवड्यात तात्या पडवीवरून जाताना नाकाला उपरणं लावून थांबले. भिजवणाचं पातेलं तिथे झाकून ठेवलेलं असे.

"काय वास हा, मास्तर! साहेबाला हाच देणार हुंगायला?" आणि मग हसत, "वासावरून कळतं की घर कुणाचं ते."

मी हसलो नाही. पण काही बोललोही नाही. आणि त्या दिवसापासून मला तो वास खटकायला लागला. पडवीत पाऊल टाकलं की आधी तोच जाणवे. साहेब काय म्हणतील, शाळेचं काय होईल, असं मनाशी घोळवत राहिलो. पोशीरला आमच्या घरी आई फेण्यांचे तांदूळ असेच भिजवायची. त्या पातेल्याशेजारी बसून मी पाढे पाठ केलेले. हाच वास. तेव्हा मी त्याला कधी वास म्हटलं नव्हतं. ते फक्त भिजवण होतं. वास तो झाला भागाबाईच्या पातेल्यातून आल्यावर. हे आज लिहितो आहे इतक्या सरळपणे स्वतःशी म्हणायला मला तीस वर्षं लागली.

रविवारी दुपारी तिने पीठ वाटून ठेवलं आणि ती पानं आणायला घरी गेली. मी प्रयोगाच्या कपाटातून खाण्याच्या सोड्याची बाटली काढली. दोन चमचे पिठात टाकले, ढवळलं. पीठ फसफसलं आणि शांत झालं. लिटमस बुडवला. निळा कागद निळाच राहिला. वास गेला होता. मला आनंद झाला, खोटं कशाला सांगू? वर्गात मी हेच शिकवत होतो. आम्लात सोडा घातला की आम्ल मरतं. ती वडी त्या आम्लानेच राखली होती, हे मला ठाऊक नव्हतं असं नाही. तिच्या घरी मीच ते तिला समजावलं होतं. पण त्या दुपारी साहेब यायचे होते.

भागाबाईने पहिला घाणा वाफवून काढला आणि ती थांबली.

"गुरुजी, ह्ये बघा वो. तांबूस ठिपकं उठल्यात."

पिवळ्या पापुद्र्यावर जागोजागी कुंकवाचं बोट लागल्यासारखे डाग. सोडा नीट मिसळला नव्हता, तिथे वाफेने हळद तांबडी झाली होती. हळदीला चुना लागला की असं होतं, हे कुठल्याही बाईला माहीत असतं.

"चुना पडला काय ह्यात? पडला आसंल तर सांगा. मी ह्ये समदं टाकून देते, परत भिजवते. लागू देत तीन दिस."

"छे," मी म्हणालो. "तांदूळ नवा आहे म्हणून. करा तुम्ही."

ती माझ्याकडे बघत राहिली. मग तिने दुसरं पान घेतलं. मास्तरांनी सांगितलं होतं ना.

सोमवारी साहेबांनी ताजी वडी पापुद्र्यासकट खाल्ली. "वा! आणि वास अजिबात नाही," म्हणाले. मी तात्यांकडे बघितलं. बुधवारी दुपारी डबा आधी मुलींच्या रांगेत गेला होता, तिथे पहिली उलटी झाली. मग दुसरी. अकरा मुली पडवीत ओळीने निजवल्या. कर्जतहून डॉक्टर आले. संध्याकाळपर्यंत सगळ्या उठून बसल्या, कुणाच्या जिवावर बेतलं नाही. पण ते तीन-चार तास, त्या आयांचं धावत येणं, ते हंबरडे. डोळे मिटले की अजून ऐकू येतात, आणि उघडले तरी थांबत नाहीत.

भागाबाई आली, कुणाशी न बोलता डब्याशी गेली. एक पुडी काढून तिने पापुद्रा ओढला. कोळ्याच्या जाळ्यासारखी तार सुटली. तिने तो जिभेला लावला आणि थुंकला.

"आंबट नाय लागत," ती मला एकट्याला ऐकू जाईल असं म्हणाली. "गुरुजी, ह्ये आंबट का नाय?"

"मला काय माहीत?" मी म्हणालो.

दुसऱ्या दिवशी पटांगणात गाव जमला. तात्या पुढे होते. "मी सांगत होतो," त्यांचं चाललं होतं, "वरचं फेकायचं असतं. पोरांना खायला कुणी शिकवलं? बोल गं भागे, काय घातलंस त्यात?"

भागाबाई पायरीखाली उभी होती. ती ओरडली नाही, रडली नाही. म्हणाली, "माझं नका ऐकू. गुरुजी तिथंच व्हते. गुरुजी सांगतील ते खरं."

सगळे माझ्याकडे वळले. मी काय बोललो ते मला शब्दन्‌शब्द पाठ आहे, कारण हेडमास्तरांनी ते रजिस्टरात लिहून घेतलं आणि खाली माझी सही घेतली. मी म्हणालो, "पीठ माझ्यासमोर वाटलं. मात्र पानं कुठल्या पाण्याने धुतली होती, हे मी पाहिलेलं नाही."

यात एकही शब्द खोटा नाही. पानं धुताना मी खरंच पाहिलं नव्हतं. पण कुठल्या पाण्याने, एवढं म्हटलं की त्या गावाला पुढचं सांगावं लागत नव्हतं. गर्दीतून एक सुस्कारा आला, जणू सगळ्यांना हवं ते मिळालं. भागाबाईने एकदा माझ्याकडे बघितलं. त्या नजरेत राग असता तर मी आजवर निभावून नेलं असतं. ती फक्त मला नीट पाहून घेत होती. मग पदर सावरून ओढ्याकडे चालू लागली.

वडी पुढेही चालू राहिली, पळसाच्या पानात. दुसऱ्या दिवशी बुरशी धरे, ती आम्ही पुसून मुलांना देत असू. ओंजळीत पाणी ओतणं होतंच, ते आणखी काही वर्षं तसंच राहिलं. आधी निदान काही घरांतून कुरकूर ऐकू येई की हे बंद करायला हवं. आता कुणी तसं म्हटलं की दुसरा म्हणे, "आणि त्या अकरा पोरी विसरलास काय रं?"

मी पुढे त्याच शाळेत हेडमास्तर झालो. ते रजिस्टर माझ्याच कपाटात होतं, किल्ली माझ्या जानव्यात नव्हे पण करदोट्यात असे म्हणा ना, इतकी जवळ. कुणी न विचारता खाली दोन ओळी लिहू शकलो असतो. दर वर्षी लिटमसचा धडा येई. मुलं कागद बुडवून ओरडत, "सर, निळाच राहिला!" आणि मी फळ्याकडे तोंड करून उभा राही.

भागाबाई काही वर्षांपूर्वी गेली. मला उशिरा कळलं. कुसुम कर्जतलाच दवाखान्यात नर्स आहे. गेल्या आठवड्यात मी तिच्या घरी गेलो आणि वर लिहिलं ते सगळं तिला सांगितलं. संपल्यावर ती म्हणाली, "आईला माहीत होतं, सर. घरी आल्याबरोबर म्हणाली, सोडा घातलाय मास्तरानं."

"मग ती बोलली का नाही?"

"मी सहावीत होते ना. म्हणाली, तुला त्याच्याच हाताखाली शिकायचंय. मी तोंड उघडलं तर तुझी शाळा जाईल." मग ती म्हणाली, "मी दोन वर्षं तुमच्या वर्गात बसले. पहिला नंबर सोडला नाही. तुम्ही मला कधी वर बघून प्रश्न विचारला नाहीत."

मी हात जोडले. ती म्हणाली, "माझ्यापुढे नको. मला ऐकून काही नवीन कळलं नाही. ज्यांना तेव्हा सांगायला हवं होतं त्यांना सांगा."

म्हणून काल एस.टी.ने त्या गावी गेलो. शाळेला आता स्लॅब पडला आहे. बाहेरच्या टपरीवर सगळं प्लास्टिकच्या पुड्यांत टांगलेलं, खाली चिखलात रिकाम्या पुड्या तुडवलेल्या. त्या अकराजणींपैकी यमुना गावातच दिली आहे, हे मला ठाऊक होतं. तिची स्वतःची मुलगी आता लग्नाची झाली. तिने ओळखलं, "या गुरुजी, बसा" म्हणत घोंगडी टाकली, चहा ठेवला. मी तिला सांगितलं. पीठ, सोडा, ठिपके, रजिस्टर. भागाबाईच्या हातून काही बिघडलं नव्हतं, माझ्या हातून बिघडलं, असं नीट उभं राहून सांगितलं.

यमुनाने पदराने तोंड पुसलं. तिला वाईट वाटलेलं दिसत होतं, बहुतेक माझ्यासाठी.

"आसंल वो गुरुजी," ती म्हणाली. "तुमी म्हनता तर आसंल. पन तवापास्नं आमच्या घरात तिकडचं कोन खात नाय. पोरींना मीच शिकवलं तसं. आता अंगवळणी पडलं. ते आता कसं सुटायचं?"

तिच्या मुलीने चहाचा कप पुढे ठेवला होता, ती दाराशी उभी राहून ऐकत होती. मी चहा तसाच ठेवून उठलो आणि त्या मुलीलाच विचारलं, त्या वेळच्या मुलींपैकी आणखी कुणी गावात राहतं का?

"आनुसामावशी हाय ना," ती म्हणाली. "वरच्या आळीला. चला, मी दावते."

ती पुढे निघाली. मी मागून.